मुलांच्या पोटातली गाठ आणि एडीसीचा आकडा

सोनोग्राफीचा रिपोर्ट बहुधा एका ओळीचा असतो: डाव्या मूत्रपिंडाच्या वर, आत चुन्याचे ठिपके असलेली घट्ट गाठ. मूल दीड-दोन वर्षांचं. सुरगाणा, पेठ, कळवण किंवा मालेगावकडचं. आंघोळ घालताना आजीच्या हाताला गोळा लागला, म्हणून दाखवायला आणलेलं. चिठ्ठीवर डिफ्यूजनसह पोटाचा एमआरआय आणि खाली प्रश्न: न्यूरोब्लास्टोमा की गँगलिऑन्यूरोमा? ही तपासणी नाशिकमध्ये आम्ही कशी करतो, ती कुठे फसते आणि हाती आलेल्या एडीसीच्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा, ते इथे लिहितोय. वाचणारे टेक्निशियन, रेडिओलॉजीचे निवासी डॉक्टर आणि बालरोगतज्ज्ञ असतील असं धरलंय. आईवडिलांनाही बराचसा भाग कळायला हरकत नाही.

आधी गाठींबद्दल थोडक्यात. सिंपथेटिक मज्जासंस्थेच्या कच्च्या पेशींपासून या गाठी होतात. त्यामुळे ॲड्रिनल ग्रंथीत, किंवा मणक्याच्या बाजूने मानेपासून ओटीपोटापर्यंत कुठेही सापडतात. एका टोकाला न्यूरोब्लास्टोमा: कच्च्या, गोल, बारीक पेशी दाटीवाटीने भरलेल्या, मधे आधाराचं ऊतक जवळजवळ नाहीच. दुसऱ्या टोकाला गँगलिऑन्यूरोमा: पूर्ण पिकलेल्या गँगलिऑन पेशी आणि त्यांच्याभोवती श्वान पेशींचं भरपूर, सैल ऊतक. हा बिनधोक, आणि बहुतेकदा मोठ्या मुलांत दिसणारा. या दोन्हींच्या मधे गँगलिऑन्यूरोब्लास्टोमा, आणि सगळा घोळ त्याचाच असतो. त्याचे दोन प्रकार ध्यानात ठेवावेत. एकात कच्च्या पेशींचे बारीक पुंजके सगळीकडे मिसळलेले असतात. दुसऱ्यात पिकलेल्या गाठीच्या आत कच्च्या पेशींचा एखादा वेगळा गोळा दडलेला असतो.

लघवीतलं व्हीएमए-एचव्हीए (या पेशींच्या रसायनांचे अवशेष) वाढलेलं असलं की गाठ या जातीची आहे हे समजतं, पण कच्ची की पिकलेली हे समजत नाही. एमआयबीजी स्कॅनचंही तसंच; त्यात या पेशी शोषून घेतील असं किरणोत्सारी औषध देतात. सुमारे ९० टक्के न्यूरोब्लास्टोमा एमआयबीजी उचलतात, पण काही गँगलिऑन्यूरोमाही उचलतात. सीटीत चुना दिसतो, तो दोन्हींत असू शकतो. डिफ्यूजनचा उपयोग होतो तो नेमका या जागी.

ऊतकातल्या पाण्याच्या रेणूंना इकडेतिकडे हलायला किती जागा आहे, हे डिफ्यूजन मोजतं. संध्याकाळी भद्रकालीच्या बाजारातून वाट काढणारा माणूस आणि पहाटे गोल्फ क्लबच्या मैदानावर चालणारा माणूस, एवढा फरक या दोन गाठींतल्या पाण्यात असतो. हालचालीचं माप म्हणजे एडीसी. त्याचं एकक दहाचा उणे तिसरा घात चौरस मिलिमीटर प्रति सेकंद. पुढे नुसता आकडाच लिहितो. शरीराच्या तापमानाला मोकळ्या पाण्याचा एडीसी ३.० च्या आसपास असतो. न्यूरोब्लास्टोमाची सरासरी ०.८ च्या जवळ येते, गँगलिऑन्यूरोमाची १.६ च्या जवळ. घट्ट भागाचा एडीसी १.१ च्या खाली गेला की कच्च्या पेशींचा संशय बळावतो. मात्र हे आकडे नीट काढलेल्या स्कॅनचे आहेत. स्कॅन वाईट असेल तर आकडा येतोच, त्याचा अर्थ तेवढा लागत नाही.

तयारीची सुरुवात पोटापासून. पाच-सहा वर्षांखालचं मूल अर्धा-पाऊण तास निश्चल पडून राहत नाही, म्हणून भूल लागते. पाणी दोन तास आधी बंद, आईचं दूध चार तास, वरचं दूध सहा तास, आणि पोळी-भात-डाळ असं जड अन्न आठ तास. सकाळी नऊची वेळ दिलेल्या मुलाला लांबच्या गावाहून निघताना गाडीत बिस्किट दिलं जातं आणि स्कॅन दुपारवर जातो. बिस्किट हे घरच्यांच्या मते जेवण नसतंच. म्हणून फोनवर 'उपाशीपोटी आणा' एवढंच सांगून भागत नाही. बिस्किट, चहा, ग्राइप वॉटर ही नावं घेऊन सांगावं लागतं. पोटात मोठी गाठ असली की जठर उशिरा रिकामं होतं आणि पोटाचा पडदा वर ढकललेला असतो, म्हणून भूलतज्ज्ञ इथे जास्त सावध असतात. रक्तदाबही आधी मोजून ठेवावा. गाठीने मूत्रपिंडाची रोहिणी दाबली असेल तर तान्ह्या मुलाचाही दाब चढलेला सापडतो. तोंडाने द्यायच्या ट्रायक्लोफॉस या झोपेच्या औषधावर छोटा मेंदूचा स्कॅन निभावतो. पोटाच्या लांब तपासणीत मूल नेमकं डिफ्यूजनच्या वेळी चुळबुळ करायला लागतं. तीन महिन्यांखालच्या बाळाला मात्र दूध पाजून, कापडात घट्ट गुंडाळून, कानांत कापूस आणि वरून इअरमफ लावून बिनभुलीचा स्कॅन होऊ शकतो.

धातूची तपासणी इथे वेगळी करावी लागते. मोठ्यांना विचारलं की अंगठी, पेसमेकर सांगतात. मुलांच्या अंगावर काय आहे हे घरच्यांच्या लक्षातच येत नाही, कारण ते जन्मापासून तिथेच असतं: कमरेचा करगोटा आणि त्यात ओवलेला चांदीचा मणी, पायातले वाळे, मनगट्या, गळ्यातला ताईत, झबल्याला लावलेली सेफ्टी पिन. सेफ्टी पिन आणि ताईताची पत्र्याची पेटी लोखंडी असली तर ओढली जाण्याचा धोका. चांदी ओढली जात नाही, पण करगोटा नेमका गाठीच्या पातळीवर येतो आणि आजूबाजूचं चित्र बिघडवतो. करगोटा काढायला आजी तयार नसते. अशा वेळी वाद न घालता तो सोडवून आजीच्याच हातात देतो आणि स्कॅन झाल्यावर परत बांधायला सांगतो. झबलं सुती, बटण नसलेलं. थंडीत निफाडकडची मुलं दोन-तीन स्वेटर चढवून येतात. जरीचं किंवा झिप असलेलं जे काही असेल ते बाहेर ठेवून आतून कोमट केलेली चादर द्यावी. मशीनची खोली गार असते आणि भूल दिलेलं बाळ लवकर गारठतं.

मशीन १.५ टेस्लाचं पुरतं. ३ टेस्लावर सिग्नल जास्त मिळतो, पण आतड्यातल्या हवेमुळे होणारी वेडीवाकडी ओढाताणही वाढते. दहा किलोच्या मुलाला मोठ्यांची बॉडी कॉइल (सिग्नल टिपणारं वेष्टण) लावली तर निम्मी कॉइल हवेवर वाया जाते. गुंडाळता येणारी छोटी फ्लेक्स कॉइल, अगदी लहान बाळाला हेड कॉइलसुद्धा चालते. फील्ड ऑफ व्ह्यू (चित्रात येणारी रुंदी) २२० ते २६० मिलिमीटर, काप ४ मिलिमीटर, मधली फट कमीत कमी.

क्रम असा ठेवतो. आधी टी-२ (पाणी उजळ दाखवणारी चित्रं) तिन्ही दिशांनी, मग टी-१ (चरबी उजळ दाखवणारी), मग डिफ्यूजन आणि शेवटी गॅडोलिनियम, म्हणजे शिरेतून द्यायचं कॉन्ट्रास्ट औषध. टी-२ चा कोरोनल (समोरून दिसणारा उभा) काप मणक्याच्या कालव्यातून जायलाच हवा. या गाठी मज्जातंतूंच्या भोकांतून आत शिरतात आणि शल्यविशारदाला ते आधी कळावं लागतं. डिफ्यूजन गॅडोलिनियमच्या आधीच. चरबीचा सिग्नल मारायला स्टर पद्धत वापरत असाल तर ते आणखी महत्त्वाचं, कारण औषध शोषून टी-१ कमी झालेल्या गाठीचा सिग्नलही चरबीबरोबर मारला जातो. गॅडोलिनियमची मात्रा किलोला ०.१ मिलिमोल. नेहमीच्या अर्धा मोलर औषधात किलोला ०.२ मिलिलिटर, म्हणजे दहा किलोच्या मुलाला दोन मिलिलिटर. इतक्या थोड्या औषधातलं बरंचसं सुईच्या नळीतच राहतं, म्हणून मागून सलाइन ढकलायचं विसरू नये.

आता डिफ्यूजन. सिंगल-शॉट इपीआय (एका दमात पूर्ण काप टिपणारी झटपट पद्धत), श्वास मोकळा ठेवून. स्टेजस्कल आणि टॅनर यांनी १९६५ साली दाखवलेली चुंबकीय धक्क्यांची जोडीच आजही यात चालते. पहिला धक्का पाण्याचे रेणू खुणावतो, दुसरा ती खूण पुसतो, आणि मधल्या वेळात जागा बदललेल्या रेणूंचा सिग्नल कमी होतो. धक्क्याचा जोर म्हणजे बी-व्हॅल्यू. आम्ही ५०, ४०० आणि ८०० घेतो. शून्य न घेता ५० घेण्याचं कारण केशवाहिन्यांतलं रक्त. तेही हलतंच, आणि शून्यापासून मोजलं तर त्याची हालचाल एडीसीत मिसळून आकडा फुगतो. भरपूर रक्तपुरवठा असलेल्या गाठीत हा फरक डोळ्यांत भरतो. बी ८०० वर सिग्नल थोडा उरतो, म्हणून तिथे ॲव्हरेज (तेच चित्र किती वेळा घ्यायचं ते) वाढवायचे: ५० ला दोन असतील तर ८०० ला सहा. टीई (सिग्नल टिपेपर्यंतचा वेळ) जमेल तितका कमी ठेवायचा, टीआर (एका फेरीपासून पुढच्या फेरीपर्यंतचा वेळ) ३००० मिलिसेकंदांच्या वर, पॅरलल इमेजिंग (कॉइलच्या मदतीने वेळ वाचवणं) २. शिमची, म्हणजे चुंबकीय क्षेत्र एकसारखं करण्याची, चौकट गाठीवर बसवायची, सगळ्या पोटावर नाही.

ॲव्हरेज वाचवून वेळ वाचवला तर काय होतं ते समजून घ्यायला हवं. गँगलिऑन्यूरोमात बी ८०० चा सिग्नल मुळातच कमी उरतो. तो मशीनच्या खरखरीच्या पातळीला टेकला की आणखी खाली जात नाही, आणि हिशेबात एडीसी खऱ्यापेक्षा कमी येतो. म्हणजे बिनधोक गाठ कागदावर धोक्याची होते. बी १००० घेण्याचा हट्ट बारक्या मुलांत आम्ही धरत नाही, तो यामुळेच.

आकडा मशीन काढून देतं, पण तो एकदा हाताने पडताळून पाहावा. बी शून्यला सिग्नल ४०० आणि बी ८०० ला २१० आहे असं धरा. ४०० भागिले २१० याचा नैसर्गिक लॉगॅरिदम ०.६४, त्याला ८०० ने भागलं की ०.८. दुसऱ्या गाठीत बी ८०० ला ११० च उरला असेल तर लॉगॅरिदम १.२९ आणि एडीसी १.६. खालची बी-व्हॅल्यू ५० असेल तर भागायचं ७५० ने. काही वर्कस्टेशनवर ०.८१ ऐवजी ८१० दिसतं. तो एककाचा फरक आहे, पण रिपोर्टमध्ये कधी एक तर कधी दुसरं लिहिलं गेलं की पुढच्या केंद्रावर गोंधळ उडतो.

मशीन खरं बोलतंय का, हे तपासायला बर्फ पुरतो. प्लॅस्टिकच्या मोठ्या भांड्यात कुटलेला बर्फ आणि पाणी, त्यात डिस्टिल्ड पाण्याची बंद नळी मधोमध उभी. नळी पूर्ण गार होऊ द्यायची, मग तोच पोटाचा प्रोटोकॉल चालवायचा. शून्य अंशाला पाण्याचा एडीसी १.१ यायला हवा. योगायोगाने आपल्याला ज्या रेषेवर निर्णय घ्यायचा असतो तीच ही. १.२ किंवा १.० यायला लागला तर सर्व्हिस इंजिनिअरला बोलवावं. साध्या खोलीच्या तापमानाच्या बाटलीवर ही परीक्षा होत नाही. २० अंशाला आकडा २.० असतो आणि तापमान अंशाने सरकलं तरी बदलतो. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर त्याच्याभोवतीचे आकडे टाकून द्यावेत.

यानंतरचं मोजमाप मात्र पूर्णपणे माणसाच्या हातात असतं, आणि सगळ्यात जास्त गफलती तिथेच होतात. संपूर्ण गाठीभोवती रेघ ओढून सरासरी घेणं सोपं, म्हणून सगळीकडे तेच केलं जातं. आमच्या मते या गाठींत ते चुकीचं आहे. न्यूरोब्लास्टोमात मधे मेलेला, पाणथळ भाग असला की त्याचा २.० च्या वरचा एडीसी सरासरीला वर ओढतो आणि गाठ सालस वाटते. गोळा दडलेल्या गँगलिऑन्यूरोब्लास्टोमात तर सरासरी हमखास दगा देते. सगळी गाठ १.५, आणि एका कडेला जेमतेम दोन सेंटिमीटरचा भाग ०.७. मुलाचं पुढचं भवितव्य त्या दोन सेंटिमीटरवर ठरतं. म्हणून एडीसी नकाशावर घट्ट ऊतकातला सगळ्यात काळा भाग शोधायचा, त्यावर साधारण एक चौरस सेंटिमीटरचा गोल ठेवायचा, लागून असलेल्या दोन-तीन कापांवर तेच करायचं आणि मग उरलेल्या गाठीचा आकडा वेगळा लिहायचा. गोल त्याहून बारीक केला तर खरखरीचा एखादा काळा ठिपका पकडला जातो.

काळा भाग म्हणजे कच्चा भाग, असं दर वेळी नसतं. चुना काळा दिसतो, पण बी ५० वरही काळाच असतो. तिथे सिग्नलच नाही, मग एडीसी कसला मोजणार? ताजं किंवा जुनं रक्तही एडीसी खाली आणतं. नवजात बाळाच्या ॲड्रिनलमधला रक्तस्राव हा यातला मोठा चकवा. तिथे टी-१ वरची चमक पाहायची, लघवीचं व्हीएमए पाहायचं आणि काही आठवड्यांनी सोनोग्राफी करायची. रक्त असेल तर आकार घटत जातो. त्यामुळे गोल ठेवण्याआधी टी-२, टी-१ आणि कॉन्ट्रास्ट तिन्ही शेजारी उघडून, तोच काप, तीच जागा जुळवतो. इपीआयमध्ये चित्र ओढलं गेलेलं असतं, म्हणून टी-२ वरचा गोल आंधळेपणाने चिकटवला तर तो शेजारच्या आतड्यात जाऊन पडतो.

उलटा चकवा टी-२ चा. गँगलिऑन्यूरोमा टी-२ वर बऱ्यापैकी उजळ असतो, आणि तो उजेड बी ८०० वरही शिल्लक राहतो. नुसतं बी ८०० पाहून 'रिस्ट्रिक्शन आहे' (पाण्याची हालचाल अडली आहे) असं लिहिणारे रिपोर्ट आम्ही पाहतो. एडीसी नकाशावर तीच जागा उजळ असेल तर रिस्ट्रिक्शन नाही. तसंच प्लीहा, लिंफच्या गाठी आणि लहान मुलांची अस्थिमज्जा यांचा एडीसी निरोगी असतानाही कमी असतो. बाळाच्या मणक्यांतली चकाकती मज्जा पाहून गाठ पसरल्याचं जाहीर करू नये.

आणखी एक मर्यादा. विल्म्स ट्यूमर, म्हणजे मूत्रपिंडाची गाठ, हीसुद्धा पेशींनी खच्चून भरलेली असते आणि तिचाही एडीसी कमी येतो. न्यूरोब्लास्टोमा की विल्म्स या प्रश्नाला आकडा उत्तर देत नाही, तिथे शरीररचनाच पाहावी लागते. गाठ मूत्रपिंडातून उगवून त्याला नखीसारखी कड करतेय की त्याला बाजूला सारतेय, आणि महारोहिणीला वेढा घालून तिला मणक्यापासून पुढे उचलतेय का? महारोहिणी उचलली असेल तर न्यूरोब्लास्टोमाकडे झुकाव.

रोहिण्यांना पडलेला वेढा, मणक्याच्या कालव्यातला शिरकाव, श्वासनळीवरचा दाब अशा खुणांची आंतरराष्ट्रीय यादी २००९ साली आली. त्या यादीतली एकही खूण नसेल तर टप्पा एल-१, एक जरी असेल तर एल-२. दूर पसरली असेल तर एम, आणि दीड वर्षाखालच्या मुलात फक्त त्वचा, यकृत, मज्जा इतकंच पसरली असेल तर एमएस. एडीसीचा या टप्प्यांशी संबंध नाही. पण टप्प्याच्या खुणा न लिहिता नुसता एडीसी लिहिलेला रिपोर्ट शल्यविशारदाच्या काहीच कामाचा नसतो.

रिपोर्टचं वाक्य आम्ही असं ठेवतो: 'गाठीचा बराचसा भाग एडीसी १.५, मागच्या-आतल्या कडेला २ सेंटिमीटरचा घट्ट भाग एडीसी ०.७, चुना वा रक्त नाही. कच्च्या पेशींचा भाग असण्याची दाट शक्यता. बायोप्सीत या भागाचा तुकडा घ्यावा.' निदान पॅथॉलॉजिस्टचंच. श्वान ऊतक ५० टक्क्यांच्या वर आहे की खाली, पेशी किती पिकल्यात, एमवायसीएन जनुकाच्या प्रती वाढल्यात का, यातलं काहीही एमआरआय सांगत नाही. सुई कुठे घालावी, हे मात्र सांगतो, आणि आमच्या दृष्टीने या तपासणीची खरी कमाई तीच आहे. सुईने गाठीचा मोठा, सोपा, समोरचा भाग काढून 'गँगलिऑन्यूरोमा' असा निर्वाळा आला आणि ०.७ चा कोपरा तसाच राहिला, तर तो निर्वाळा अर्धवट. अशा वेळी पॅथॉलॉजिस्टला फोन करून तुकडा कुठला होता हे विचारायला लाजू नये.

केमोच्या दोन-तीन फेऱ्यांनंतर मूल परत येतं तेव्हा एडीसी सहसा चढलेला असतो. पेशी मेल्या म्हणूनही चढतो आणि उरलेल्या पेशी पिकल्या म्हणूनही. आकड्यावरून दोन्ही वेगळं काढता येत नाही. तुलना करायची तर मशीन तेच, बी-व्हॅल्यू त्याच आणि गोल त्याच जागी हवा. एकदा शून्य-१००० आणि एकदा ५०-८०० घेतलं असेल तर मधला फरक उपचाराचा की हिशेबाचा, हे सांगता येणार नाही.

यातली बरीच मुलं पुढे मुंबईला, परळच्या कर्करोग रुग्णालयात जातात. तिथे गाठ पुन्हा मोजली जाते, आणि फिल्मवर एडीसी मोजता येत नाही. मोबाइलवर पाठवलेल्या फोटोवर तर नाहीच. म्हणून सीडीवर डायकॉम (मूळ आकडे जपणाऱ्या वैद्यकीय चित्रफाइल) स्वरूपात बी ५०, ४००, ८०० ची मूळ चित्रं आणि एडीसी नकाशा हे सगळं घालतो. काही वर्कस्टेशन सीडी लिहिताना मूळ चित्रं गाळून फक्त नकाशा देतात, म्हणून लिहिलेली सीडी एकदा उघडून बघावी. रिपोर्टच्या तळाशी मशीनची ताकद, बी-व्हॅल्यू आणि गोल ठेवलेल्या कापांचे क्रमांक लिहितो. सीडीच्या दोन प्रती काढून एक फाइलमध्ये आणि एक आईच्या पिशवीत वेगळी ठेवायला सांगतो. फाइल रुग्णालयात जमा झाली की परत हाती यायला वेळ लागतो.